बिलाच्या रांगेतील वेळ कोणाच्या खात्यावर लिहायचा?

शनिवारचा_ग्राहक (धागाकर्ता)

मोठ्या किराणा दुकानांत, विशेषतः पगार झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवार-रविवारी, बिलासाठी लागणाऱ्या लांबच लांब रांगा आपण सर्वांनी आता पावसाळ्यातल्या खड्ड्यांप्रमाणे गृहीत धरल्या आहेत. त्या गृहीत धरण्यालाच माझा आक्षेप आहे. माझ्या मते या रांगा गर्दीमुळे जितक्या लांबतात, त्याहून अधिक दुकानाने स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या व्यवस्थेमुळे लांबतात, आणि त्या व्यवस्थेचा खर्च ग्राहकाच्या वेळातून वसूल केला जातो.

पुण्यात मी ज्या दुकानात नेहमी जातो, तेथे मांडलेल्या काउंटरांपैकी जवळजवळ निम्मे गर्दीच्या वेळीही बंद असतात. जे चालू असतात, तेथे वस्तू मशीनसमोर धरण्याचे मूळ काम पटकन होते. वेळ जातो तो इतर गोष्टींत. आधी मोबाईल क्रमांक विचारला जातो. तो दिला की सभासदत्व आहे का, नसेल तर घेणार का, अमुक रकमेच्या खरेदीवर तमुक वस्तू सवलतीत आहे ती हवी का, पिशवी हवी का, असे प्रश्न येतात. कप्प्यावर लावलेली किंमत आणि संगणकातली किंमत जुळली नाही, तर ती वस्तू बिलातून काढण्याचा अधिकार कॅशियरला नसतो. त्यासाठी पर्यवेक्षकाला हाक मारावी लागते आणि पर्यवेक्षक नेमका गोदामात गेलेला असतो. एखाद्याने कंपनीकडून मिळालेले जेवणाचे कार्ड पुढे केले, की खाद्यपदार्थांचे एक आणि साबण-फिनाईलचे दुसरे अशी दोन बिले करावी लागतात. भाजीच्या पिशवीवर वजनाची चिठ्ठी लावायची राहून गेली असेल, तर ग्राहकाला परत भाजीच्या विभागात पिटाळले जाते आणि मागची सगळी रांग त्याची वाट पाहत उभी राहते. इतके सोसून बाहेर पडताना दारावरचा रक्षक बिलावर शिक्का मारतो. तो पिशवीत काय आहे हे पाहतच नाही, त्यामुळे त्या शिक्क्याचे प्रयोजन मला आजवर समजलेले नाही.

यातील मोबाईल क्रमांकाबद्दल तर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच स्पष्ट सूचना दिली होती की, क्रमांक दिल्याशिवाय वस्तू विकणार नाही किंवा बिल करणार नाही अशी अट घालणे ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तरीही 'क्रमांकाशिवाय सिस्टिम पुढे जात नाही' हे वाक्य आजही सर्रास ऐकू येते.

माझा रोख कॅशियरवर मुळीच नाही. विरोधी मत असणाऱ्यांनी ते अवश्य मांडावे, मात्र 'आपल्याकडे असेच चालायचे' हा युक्तिवाद कृपया करू नये.

काउंटरपलीकडून

मी एका साखळी दुकानात काही वर्षे पर्यवेक्षक म्हणून काम केले आहे, म्हणजे आपण म्हणता तो 'गोदामात गेलेला' मनुष्य मीच. आपले निरीक्षण बरोबर आहे, परंतु निष्कर्ष एकांगी आहे.

बंद काउंटर ही लबाडी नसते. किराणा मालावर सुटणारा नफा अतिशय पातळ असतो आणि ग्राहक दुकानात येतो तोच मुळी छापील किमतीपेक्षा कमी दर मिळतो म्हणून. आठवड्यातील चार दिवस दुपारी दुकान ओस असते आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी तीन-चार तास पाय ठेवायला जागा नसते. त्या तीन-चार तासांसाठी नेमलेल्या माणसाला पगार मात्र पूर्ण महिन्याचा द्यावा लागतो. काउंटर सणासुदीचा अंदाज धरून बांधलेले असतात. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात येऊन पाहिलेत, तर एकही बंद दिसणार नाही.

आता ग्राहकांविषयीही दोन शब्द लिहितो, कारण या विषयावर ते कोणी लिहीत नाही. अर्धी भरलेली ट्रॉली रांगेत उभी करून 'जरा पोहे घेऊन येते' म्हणून निघून जाणे, नंबर आल्यावर चार पाकिटे नको म्हणून काउंटरवरच ठेवून देणे, एकूण रक्कम सांगितल्यानंतर पर्समध्ये फोन शोधायला लागणे, मग त्या फोनला रेंज नसणे, मग घरी फोन करून दुसऱ्याच्या खात्यावरून पैसे पाठवायला सांगणे, हे सर्व मी रोज पाहिले आहे. यात दुकानाच्या व्यवस्थेचा काय दोष?

वस्तू रद्द करण्याचा अधिकार कॅशियरला देत नाहीत, कारण ओळखीच्या ग्राहकाचे तूप बिलातून वगळून ते पिशवीत जाऊ देणे ही चोरीची सर्वांत जुनी पद्धत आहे. दारावरचा शिक्काही त्याचसाठी असतो. पिशवी रोज तपासली जात नाही हे खरे, पण तपासली जाऊ शकते एवढी जाणीव पुरेशी असते.

दुकान_माझे_छोटे

आमचे तीन पिढ्यांचे किराणा दुकान आहे. वरचे वाचून मौज वाटली. जे ग्राहक साखर दोन रुपये स्वस्त मिळते म्हणून तिकडे अर्धा तास मुकाट्याने उभे राहतात, तेच आमच्याकडे आधीच्या माणसाची यादी पूर्ण होईपर्यंत दोन मिनिटे थांबायला तयार नसतात. आम्ही यादी फोनवर घेतो, माल घरी पोहोचवतो, महिन्याचे खाते ठेवतो आणि पाकिटात किडे निघाल्यास विनातक्रार बदलून देतो. या सेवेचे मोल दोन रुपयेसुद्धा नाही, असे ग्राहकानेच ठरवले आहे. तेव्हा धागाकर्त्यांनी तक्रार करण्यापेक्षा आपण वेळ देऊन सवलत विकत घेतली आहे, हे मान्य करावे.

शनिवारचा_ग्राहक

@दुकान_माझे_छोटे, आपला टोला वर्मी लागणारा आहे, पण तो मी अर्धाच मान्य करीन. मी स्वस्त दर निवडला याचा अर्थ मी क्रमांक विचारून घेण्यासही संमती दिली, असा होत नाही. दुकानाने दारावर 'येथे माल स्वस्त आहे, बिलाला चाळीस मिनिटे लागतील' असे लिहिले असते, तर तो उघड सौदा ठरला असता. शिवाय सगळीच छोटी दुकाने आपल्यासारखी नसतात. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी बाजारपेठेतील किती दुकानांत आजही लटकते आहे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे.

@काउंटरपलीकडून, फोन शोधणाऱ्या ग्राहकांबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. पण त्यांना किती वेळ लागतो आणि दुकानाच्या प्रश्नावलीला किती लागतो, याची तुलना केल्यास काय दिसेल?

आकडेमोड

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. रांगांचा शास्त्रीय अभ्यास कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये सुरू केला, आणि त्यातील साधे सूत्र किराणा दुकानालाही लावून पाहता येते. ग्राहक ठरावीक अंतराने न येता केव्हाही येतात आणि प्रत्येकाच्या बिलाला लागणारा वेळ कमी-जास्त असतो, असे धरले, तर काउंटर ८० टक्के वेळ कामात असताना ग्राहकाला सरासरी चार बिलांइतका वेळ थांबावे लागते. ९० टक्के वेळ कामात असताना नऊ बिलांइतका. आणि ९५ टक्क्यांना एकोणीस बिलांइतका. म्हणजे ताण थोडा वाढला तरी प्रतीक्षा अनेक पटींनी वाढते.

आता दोघांच्याही म्हणण्याला हे लावून पाहा. एका बिलाला सरासरी तीन मिनिटे लागतात असे समजू. दहा काउंटर चालू असताना प्रत्येक काउंटर ७२ टक्के वेळ कामात असेल, तर प्रतीक्षा साधारण आठ मिनिटांची होते. त्यांपैकी दोनच काउंटर बंद केले, की उरलेल्या आठांवरचा ताण ९० टक्क्यांवर जातो आणि तीच प्रतीक्षा सत्तावीस मिनिटांची होते. दुकानाने वाचवले दोन माणसांचे श्रम, पण रांगेतल्या प्रत्येकाचे एकोणीस मिनिटे गेले.

प्रश्नावलीचा हिशेब तर याहून बोलका आहे. त्याच ९० टक्के ताणाच्या आठ काउंटरांवर क्रमांक आणि सभासदत्वाचे प्रश्न गाळून प्रत्येक बिलातले फक्त वीस सेकंद वाचवले, तर ताण ८० टक्क्यांवर येतो आणि प्रतीक्षा सत्तावीस मिनिटांवरून अकराच्याही खाली येते. एकही माणूस नव्याने नेमावा लागत नाही. प्रत्यक्षात लोक रांगा बदलतात, लांब रांग पाहून काही जण परत जातात, त्यामुळे आकडे तंतोतंत असे येणार नाहीत. पण कल हाच राहतो. @काउंटरपलीकडून यांनी वर्णन केलेले फोन शोधणारे ग्राहकही याच सूत्रात बसतात. त्यांचे वीस सेकंदही तितकेच महाग आहेत, फरक इतकाच की ते दुकानाच्या हातात नाहीत आणि प्रश्न विचारणे हातात आहे.

बँकेत किंवा विमानतळावर असते तशी सर्व काउंटरांना मिळून एकच रांग केली, तर आपली रांग नेमकी अडली ही तक्रारही मिटेल. परंतु ट्रॉल्यांसह अशी नागमोडी रांग उभी करायला जी जागा लागते, तेथे दुकानदार चॉकलेटचे कप्पे मांडणे पसंत करतो.

श्टुटगार्टहून

सध्या जर्मनीत राहतो, म्हणून तेथील अनुभव सांगतो. येथील स्वस्त दुकानांमध्ये एक-दोनच गल्ले चालू असतात, तरीही रांग झपाट्याने सरकते. कॅशियर खुर्चीवर बसून काम करते, वस्तू सरकत्या पट्ट्यावरून तिच्यासमोर येतात आणि पिशवी ग्राहकानेच भरायची असते; तीही काउंटरवर रेंगाळत नव्हे, तर माल ट्रॉलीत टाकून बाजूला जाऊन. बिलाआधी गप्पा नाहीत, आग्रह नाही. मात्र कोणाला हे सौजन्य वाटणार नाही; नवख्या माणसाला मागून ढकलत असल्यासारखेच वाटते. रविवारी दुकाने बंद असल्याने शनिवारी येथेही पुरेशी गर्दी होते.

उभ्याने_नोकरी

वरच्या प्रतिसादातील 'खुर्चीवर बसून' हे दोन शब्द सगळे जण वाचून पुढे गेले असतील, म्हणून लिहिते. माझी बहीण मुंबईतील एका मोठ्या दुकानात बिलिंगवर आहे. दिवसाचे नऊ तास काम, आणि ते जवळजवळ सगळे उभ्याने. संध्याकाळी सातला कॅशियरचा हात मंदावला, चेहऱ्यावर हसू उरले नाही, तर त्याला आपण 'वाईट ग्राहकसेवा' म्हणतो. केरळमध्ये कोझिकोडच्या विजी यांच्या 'पेनकूट्टु' या संघटनेने कापड दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांसाठी बसण्याचा हक्क मागितला, आणि २०१८ मध्ये तेथील दुकाने-आस्थापना कायद्यात तो आला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तशी दुरुस्ती केली. आपल्याकडे मात्र ग्राहक बसलेल्या कॅशियरला आळशी समजेल, अशी भीती मालकांना वाटते. धागाकर्त्यांचा रोख कॅशियरवर नाही हे वाचून बरे वाटले, पण रांगेत उभा असलेला प्रत्येक जण इतका विचारी नसतो; त्याला समोर दिसते ती एकच व्यक्ती, आणि तो तिलाच बोलतो.

काउंटरपलीकडून

स्टुलाची मागणी आम्हीही वर पाठवली होती. उत्तर आले की काउंटरची उंची उभ्या माणसाच्या हिशेबाने केलेली आहे. ते तांत्रिकदृष्ट्या खरे होते, पण उंच स्टूलही बाजारात मिळते.

@आकडेमोड यांचे गणित मी नाकारत नाही. मात्र नवीन माणसे नेमण्याबाबतचे माझे मत कायम आहे: दर वाढवायचा नसेल, तर शनिवारी संध्याकाळी रांग राहणारच, आणि ज्यांना ती टाळायची आहे त्यांनी मंगळवारी सकाळी यावे. सर्वांना ते जमत नाही हे मला माहीत आहे. नोकरदार माणसाकडे शनिवारच असतो.

मोबाईल क्रमांकाचे तेवढे वेगळे आहे. आमच्याकडे प्रत्येक कॅशियरने शंभरपैकी किती बिलांवर क्रमांक घेतला, याचा तक्ता रोज वर जात असे आणि कमी भरल्यास बोलणी खावी लागत. ग्राहकाने नकार दिला आणि रांग वाढू लागली, की मुली दहा वेळा नऊ टाकून बिल पुढे सरकवत. आम्ही पाहून न पाहिल्यासारखे करत असू. त्यामुळे 'सिस्टिम पुढे जात नाही' असे कोणी सांगितल्यास ते मान्य करू नका. कॅशियरशी वाद घालण्याऐवजी 'क्रमांक द्यायचा नाही' एवढेच सांगा, आणि बिल अडवले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दुकानाच्या नावाने तक्रार नोंदवा. कॅशियरचे नाव त्यात घालू नका. तिने तो नियम केलेला नसतो, पण चौकशी आली की पहिला जाब तिलाच विचारला जातो.