पोर्टफोलिओत इन्स्पिरेशन म्हणून खो-खो चालेल का?

पेन्सिलवाली: डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आर्ट, आर्किटेक्चर, स्पोर्ट यातलं एकेक लिहायचंय. चित्रकार गायतोंडे आणि आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची मुंबईतली कांचनजंगा बिल्डिंग फिक्स, पण खेळात मी फक्त खो-खोच खेळलेय, मैत्रीण म्हणते डाउनमार्केट वाटेल. काय करू?

चहाबाज: अगं बिनधास्त घे! आठ जण एका रांगेत, एकाआड एक उलटी तोंडं करून बसलेले, रेडीमेड पॅटर्न आहे तो.

कोपऱ्यातला: +१. आणि कांचनजंगाचं नुसतं १९८३ साल टाकू नकोस, कोपऱ्यातल्या त्या दुमजली उंचीच्या गच्च्या स्केच कर, समुद्राचा वारा हवा पण ऊन-पाऊस थेट घरात नको, जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यासारखंच लॉजिक.

पेन्सिलवाली: भारी! गुडघ्यावरचा खो-खोचा व्रणपण स्कॅन करून टाकते 😄