करारानंतर साहित्याचे दर वाढले म्हणून ठेकेदार जादा रक्कम मागत आहे. ती रास्त आहे की नाही हे कसे तपासावे?

मरोळकर

नमस्कार. आमचे घर अंधेरी पूर्वेला मरोळच्या बाजूच्या एका जुन्या गावठाणात आहे. वडिलोपार्जित कौलारू घर राहण्याजोगे उरले नव्हते, म्हणून रीतसर परवानगी घेऊन आम्ही भावंडांनी तळमजला अधिक एक असे एकूण सुमारे १,२०० चौरस फुटांचे बांधकाम काढले. २०२५ च्या गणपतीआधी ठेकेदाराशी साहित्यासह २,४०० रुपये प्रति चौरस फूट या दराने करार झाला आणि दिवाळीनंतर काम सुरू झाले. करारपत्र दोन पानांचे आहे. त्यात कामाचे टप्पे आणि हप्ते नीट लिहिलेले आहेत, पण दरवाढ झाल्यास काय करायचे याबद्दल एक ओळही नाही.

आता तळमजल्याचा स्लॅब पडला आहे आणि ठेकेदाराचे म्हणणे असे की, सिमेंट, सळई आणि रेती या तिन्हींचे दर इतके चढले आहेत की जुन्या दराने काम पुढे नेणे त्याला परवडणारे नाही. सबब संपूर्ण क्षेत्रफळावर प्रति चौरस फूट ३५० रुपये, म्हणजे एकूण ४ लाख २० हजार रुपये वाढवून द्यावेत. सरकारने पोलादावर नवा कर लावल्याचेही तो सांगतो. बिले मागितली तेव्हा माल उधारीवर येतो आणि बिल मागाहून मिळते, असे उत्तर मिळाले.

माणूस लबाड आहे असे मला म्हणायचे नाही. आमच्याच आळीत त्याने बांधलेली घरे चांगली उभी आहेत, आणि पावसाळ्यापूर्वी वरचा स्लॅब होणे आवश्यक असल्यामुळे काम मध्येच सोडवणेही शक्य नाही. ही मागणी कोणत्या आधारावर तपासावी आणि काही रक्कम द्यायची झालीच तर ती लेखी कशी मांडावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

स्थापत्य

प्रति चौरस फूट या भाषेत चर्चा चालू ठेवलीत तर हा प्रश्न सुटणार नाही, कारण त्या एका आकड्यात साहित्य, मजुरी, सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा साचा व टेकू), वाहतूक आणि नफा असे सगळेच मिसळलेले असते. आधी साहित्याची परिमाणे वेगळी काढा. आपल्या आरसीसी (सळई घातलेले काँक्रीट) सल्लागाराकडून सळईचे तपशीलवार पत्रक मिळेल, ते सर्वांत विश्वसनीय. तोपर्यंत साध्या आरसीसी घरासाठी वापरला जाणारा ठोकताळा पुरेसा आहे: प्रति चौरस फूट सिमेंट ०.४ गोणी, सळई सुमारे ४ किलो, रेती १.८ घनफूट आणि खडी १.३५ घनफूट. म्हणजे आपल्या १,२०० चौरस फुटांना ४८० गोण्या सिमेंट, ४.८ टन सळई, सुमारे २१.६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) रेती आणि १६.२ ब्रास खडी लागेल.

आता ठेकेदाराच्या बाजूने सढळ हाताने दरवाढ गृहीत धरू. सिमेंटच्या गोणीमागे ३० रुपये वाढले असे माना, तर १४,४०० रुपये होतात. सळई किलोमागे ६ रुपयांनी चढली तर २८,८००, रेती ब्रासमागे १,५०० ने वाढली तर ३२,४०० आणि खडी ५०० ने वाढली तर ८,१००. एकूण बेरीज ८३,७०० रुपये, म्हणजे प्रति चौरस फूट जेमतेम ७० रुपये. हे आकडे बाजारभाव नव्हेत, केवळ पडताळणीसाठी घेतलेले आहेत. पण एवढी वाढ एकाच वेळी सर्व साहित्यात झाली असे मानूनही ३५० रुपयांची मागणी या वस्तूंच्या नावावर बसत नाही.

दुसरी गोष्ट, झालेल्या कामाचे साहित्य त्या वेळच्या दराने खरेदी होऊन गेले आहे, त्यामुळे वाढ मागायचीच असेल तर ती उरलेल्या परिमाणांवरच मागता येते. मात्र उरलेले काम म्हणजे प्रत्येक साहित्याचा बरोबर निम्मा भाग असे समजू नका. पाया, जोता आणि खालचा स्लॅब झाल्यामुळे सळईचा निम्म्याहून अधिक भाग संपलेला असेल. उलट वीटकाम आणि गिलावा बराच शिल्लक असल्यामुळे रेती निम्म्याहून जास्त लागेल.

सरकारी कामांत यासाठी रूढ पद्धत आहे. आपल्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत सिमेंट आणि पोलाद यांचे 'स्टार रेट' दिलेले असतात. निविदेच्या वेळचा मूळ दर त्यात नोंदवलेला असतो आणि पुढे दर वाढला किंवा उतरला की प्रत्यक्ष वापरलेल्या परिमाणाला फक्त तेवढ्या फरकाने गुणून रक्कम देतात किंवा कापतात. मजुरी आणि नफा त्यात येत नाहीत. घरगुती करारातही हे कलम चार ओळींत लिहिता येते. आपल्या करारात ते नाही, म्हणजे काटेकोर अर्थाने तो ठरलेल्या दराचा करार आहे आणि वाढ देणे बंधनकारक नाही. तरीही कारागीर चांगला असेल तर खऱ्या फरकाएवढी रक्कम द्यावी, असे माझे मत आहे, कारण तोट्यात गेलेला ठेकेदार नुकसान सिमेंटच्या मात्रेतून भरून काढतो आणि ते आपल्याला काही वर्षांनी कळते.

हिशेबनीस

वरील उत्तरात कराचा मुद्दा राहिला आहे. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करारपूर्व ३०० रुपयांची गोणी कर धरून ३८४ रुपयांना पडत असेल, तर मूळ किंमत तीच राहिल्यास ती आता ३५४ रुपयांना पडायला हवी. आपला करार गणपतीआधीचा आणि बांधकाम दिवाळीनंतरचे, त्यामुळे सिमेंटच्या बाबतीत ठेकेदाराने जुना कर धरून दर दिला आणि खरेदी नव्या कराने केली, असा प्रकार झालेला असणे शक्य आहे. सळईवर आधीही १८ टक्के होते आणि आताही तेवढेच आहेत. तेव्हा वाढीबरोबर घटही मोजा, असा आग्रह धरण्यात काही गैर नाही.

आणखी एक. स्वतंत्र एका घराच्या बांधकामासाठी केवळ मजुरीचा करार असेल तर त्या मजुरीवर जीएसटी लागत नाही. साहित्यासह करार असेल आणि ठेकेदार नोंदणीकृत असेल तर संपूर्ण रकमेवर १८ टक्के लागतो. पुढे कोणी नवीन करार करणार असेल त्याने हा फरक आधीच पाहून घ्यावा. आपला ठेकेदार नोंदणीकृत नसल्यास त्याला कर आकारता येत नाही, हेही लक्षात असू द्या. मागितलेल्या ३५० रुपयांत कराच्या नावाखाली काही घातलेले नाही ना, ते विचारून घ्या.

रेतीखडी

मी याच व्यवसायात आहे, उपनगरात बांधकाम साहित्याचे दुकान आहे, म्हणून दोन्ही बाजूंचे थोडे सांगतो.

पोलादावरील नव्या कराची गोष्ट अर्धीच खरी आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लावले ते आयात होणाऱ्या चपट्या पोलादावर, म्हणजे कॉइल, पत्रे आणि प्लेट यांवर. स्लॅबमध्ये जाणारी सळई त्यात येत नाही. सळईचे दर मुख्यतः भंगार, लोहखनिज, कोळसा आणि वीज यांवर हलतात. आपल्याकडे जालन्याच्या भट्ट्यांतून येणारा माल तर भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता काढलेले सच्छिद्र लोखंड) यांवरच अवलंबून असतो. कोकिंग कोळसा बाहेरून आणावा लागत असल्यामुळे २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर दर भडकले होते, आणि त्याच वर्षी मे महिन्यात निर्यातशुल्क लावल्यावर ते खाली आले होते. सळई वर जाते तशी खालीही येते, हे ठेकेदार सहसा सांगत नाहीत.

रेतीचे मात्र तसे नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील उत्खननासाठीही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, तेव्हापासून नदी आणि खाडीतील रेतीचा पुरवठा कधीच सुरळीत राहिलेला नाही. राज्याने २०२३ मध्ये ६०० रुपये ब्रास दराने डेपोतून वाळू देण्याचे धोरण आणले, पण वाहतूक ग्राहकाने करायची होती, आणि मुंबईतल्या माणसाला खरा खर्च वाहतुकीचाच असतो. २०२५ मध्ये कृत्रिम वाळूसाठी वेगळे धोरण आले. आज मुंबईत बहुतेक काँक्रीट दगडाच्या वाळूतच होते. आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत तिला मान्यता आहे. स्वस्तात कोणी न धुतलेली खाडीची रेती देऊ केली तर घेऊ नका. तिच्यातील क्षार सळईला गंज चढवतात आणि समुद्राजवळच्या जुन्या इमारतींच्या फुगलेल्या कॉलमांत तेच दिसते.

आता ठेकेदाराच्या बाजूने. गावठाणाच्या आळीत डंपर जात नाही. माल नाक्यावर उतरवून छोट्या टेम्पोने आणि पुढे डोक्यावरून न्यावा लागतो, रेडीमिक्सची गाडी येऊ शकत नाही, राडारोडाही त्याच वाटेने बाहेर काढावा लागतो. ही हमाली कोणत्याही ठोकताळ्यात नसते. दुसरे म्हणजे उधारी. रोखीने घेणाऱ्याला आणि दोन-तीन महिन्यांनी पैसे देणाऱ्याला आम्ही एकच दर देत नाही, हे स्पष्टच सांगतो. ठेकेदार ज्याला दरवाढ म्हणतो आहे त्यातला काही भाग उधारीचे व्याज असण्याची शक्यता मला दाट वाटते. आपण स्वतः दुकानदाराला थेट पैसे दिलेत आणि ती रक्कम हप्त्यातून वजा केलीत तर हा भाग आपोआप गळून पडेल.

अर्नाळ्याची मावशी

रेतीखडी दादांचे म्हणणे पटले, परंतु थेट खरेदीची एक बाजू त्यांनी सांगितली नाही. आम्ही आमच्या घराचे साहित्य स्वतः आणून फक्त मजुरीने काम दिले होते. दर उत्तम मिळाले, पण नासाडी आमच्या अंगावर आली. सिमेंट भिजले तरी आमचे, सळईचे तुकडे उरले तरी आमचे, आणि रेती कमी पडली म्हणून मजूर बसून राहिले तर त्यांचा खाडाही आमच्याकडूनच मागितला गेला. घरातील एक माणूस दिवसभर जागेवर थांबू शकत असेल तरच यात पडावे.

माल उतरवून घेताना डोळ्यांदेखत मोजून घ्या. रेती ओली असेल तर फुगते आणि पाव भागापर्यंत आकारमान खोटे दिसू शकते, म्हणून टेम्पोची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून शंभराने भागा, म्हणजे ब्रास कळतात. सळई नगावर घेऊ नका, काट्यावर घ्या. १२ मिमीची बारा मीटर लांब सळई १०.६६ किलो भरायला हवी. थोडा फरक मानकातच मान्य आहे, पण प्रत्येक सळई हलकीच निघत असेल तर माल परत पाठवा.

मरोळकर

सर्वांचे मनापासून आभार. ठेकेदाराला घेऊन आम्ही त्याच्या दुकानदाराकडे गेलो आणि करारावेळची व आताची बिले समोरासमोर ठेवली. सिमेंटची गोणी जवळपास त्याच किमतीला पडते आहे. सळई किलोमागे ४ रुपयांनी आणि रेती ब्रासमागे १,२०० रुपयांनी वाढलेली आहे. सल्लागारांनी उरलेल्या कामासाठी १.९ टन सळई आणि १३ ब्रास रेती काढून दिली. फरक अनुक्रमे ७,६०० आणि १५,६०० रुपये, एकूण २३,२०० रुपये होतो. तो द्यायला आम्ही तयार आहोत आणि ठेकेदारानेही बिले पाहिल्यावर ३५० चा आग्रह सोडला आहे. पण आता तो म्हणतो की गवंडी आणि बिगारी यांची रोजंदारी वाढली आहे, तिचे काय? शिवाय हमालीसाठी त्याला वेगळी रक्कम हवी आहे.

स्थापत्य

हमाली करारावेळीही होती, आळी तेव्हाही तेवढीच अरुंद होती, आणि या आळीत आधी घरे बांधलेल्या माणसाला ती माहीत नव्हती असे म्हणता येणार नाही. तिच्यासाठी वेगळी रक्कम देऊ नये. रोजंदारीचेही तसेच आहे. एका हंगामात संपणाऱ्या छोट्या कामात मजुरीची जोखीम ठेकेदाराची असते आणि तिच्यासाठीच तो नफा धरतो. त्याऐवजी हप्त्यांची रचना त्याला सोयीची करून द्या. वरच्या स्लॅबचा हप्ता स्लॅब पडल्यावर एकदम देण्याऐवजी निम्मा सेंट्रिंग आणि सळई बांधून सल्लागारांनी तपासल्यावर आणि निम्मा काँक्रीट झाल्यावर दिलात, तर त्याची उधारी कमी होईल आणि आपले पैसेही झालेल्या कामापुढे जाणार नाहीत.

पुरवणी करारात एवढे असू द्या: सळई आणि रेतीचे मूळ दर, बिलाच्या तारखेसह, उरलेली परिमाणे, दोन्ही दिशांनी फरक लागू राहील असे वाक्य, आणि मूळ करारातील बाकी अटी कायम आहेत असे वाक्य. सिमेंटचा प्रकारही लिहून घ्या. पीपीसी (राख मिसळलेले पोर्टलंड पोझोलाना सिमेंट) वापरणार असाल तर चालेल, किंबहुना आपल्या हवेत ते अधिक बरे, पण आयएस ४५६ या मानकाप्रमाणे अशा मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस पाणी मारावे लागते आणि सेंट्रिंग काढण्याची घाई करता येत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या तारखा ठरवताना हे दिवस धरा. विटांची मागणी मात्र आत्ताच नोंदवा, कारण भिवंडी आणि शहापूरकडच्या भट्ट्या पाऊस सुरू झाला की बंद होतात आणि नंतर मिळणारी वीट साठ्यातली, वाढीव दराची असते.