पुन्हा: वेंगुर्ल्याचं रेकॉर्डिंग तासाभराने तुटतंय, शनिवारच्या आत सोडवायला हवं

मंदार, मस्कत

मंडळी, विनयदादाच्या वेंगुर्ल्याच्या घरच्या सर्व्हरवरची दशावताराची रेकॉर्डिंग मुंबईच्या प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमधून) इथे मस्कतच्या हॉलवर लावतो, त्यात काल पुन्हा तेच झालं. आडदशावतार (सुरुवातीचा भाग) नीट आटोपतो, आख्यानातला (मुख्य कथेतला) राजा दरबारात येऊन बसतो न बसतो तोच प्लेअर गप्प. परत लावला की पहिल्यापासून सुरू. पेटीच्या बाकाजवळ रेकॉर्डर ठेवून केलेलं जुनं रेकॉर्डिंग मात्र तासावर तुटत नाही, ते एक तास चाळीस मिनिटांच्या पुढे कुठेतरी थांबतं. मुंबईच्या प्रॉक्सीवर 'प्रॉक्सी_रीड_टाइमआउट' (घरच्या सर्व्हरची किती सेकंद वाट बघायची ती मर्यादा) 3600 करून पाहिला, काडीचा फरक नाही. विनयदादा, घरच्या मशीनवर काही दिसतंय का? शनिवारी लोक बोलावलेत.

शुभाताई, दुबई

माझ्या फोनवर रात्रभर चालतं, एकदाही तुटलेलं नाही. म्हणजे सर्व्हर ठीक आहे, प्रॉक्सी ठीक आहे, हॉलमधला प्लेअर बदला. गणपतीच्या वेळीही मी हेच म्हटलं होतं. ते जमत नसेल तर फाइलींचं एमपी3 करून टाका, वाद मिटला.

अनंतराव, सांस्कृतिक समिती

शुभाताई, एमपी3 ची गोष्ट पुन्हा काढू नये ही विनंती. ही रेकॉर्डिंग एकदाच मिळतात. पखवाजाचा धुमा आणि झांजेचा शेवटचा झणकार ज्या वेव्ह फाइलीत उतरलाय, ती तशीच राहायला हवी. मूळ फाइलींना हात लावायचा असेल तर आधी समितीला विचारा, हे मागच्या सभेत ठरलेलं आहे.

बाबूकाका, परुळे

माका त्या प्रॉक्सीतला काय कळना नाय. पण शुभा, एकट्यान फोनार आयकणा आणि सगळ्यांनी मिळान आयकणा ह्यात फरक आसा. आमी ल्हान आसताना संकासूर इलो काय आवशीच्या पदराआड लपत होतों. आणि शनिवारच्या पत्रिकेत संकासूर आख्यानात घातलास, तां आधी सुधार. संकासूर आडदशावतारात येता. वेद चोरता, विष्णू तेका मारता, मगे आख्यान लागता.

विनय, वेंगुर्ला

बाबूकाका बरोबर, पत्रिका दुरुस्त करा.

आता घरच्या बाजूचं. सर्व्हर बंद पडत नाही. वीज गेली तरी मशीन आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत. आमची फायबरची लाइन खराब, असं कोणी म्हणण्याआधी लॉग वाचा. नॅव्हिड्रोमच्या (गाणी वाजवणाऱ्या सर्व्हरच्या) पुढे फोटोंसाठी लावलेला एंजिनएक्स (मुंबईसारखाच प्रॉक्सी) आहे, तो म्हणतो 'क्लायंट टाइम्ड आउट', म्हणजे घेणाऱ्याने वेळेत घेतलं नाही. त्याचा क्लायंट म्हणजे मुंबईचा प्रॉक्सी. आणि मुंबईचा लॉग म्हणतो 'अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन', म्हणजे देणाऱ्याने मधेच तोडलं. दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. माझ्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये त्याच ठिकाणी क्षणभर अडखळून गाणं पुढे जातं.

आणि घरचं मशीन सरळ उघडं का करत नाही, हा प्रश्न पुन्हा नको. केबलवाला सगळ्या गावाला मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतो, आमच्या राउटरला 100.64 चा आतला पत्ता येतो. बाहेरून आत वाट नाही, म्हणून वायरगार्ड (घरापासून मुंबईपर्यंतचा खासगी बोगदा) आणि मुंबईचा प्रॉक्सी.

गौरी, रत्नागिरी

मंदार, मिनिटं सोड, वजन बघ. नवीन रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टीरिओ. म्हणजे सेकंदाला 2,88,000 बाइट. एक जीबी भरायला 62 मिनिटं. जुनं 44.1 आणि 16 बिट, सेकंदाला 1,76,400 बाइट, एक जीबीला एक तास 41 मिनिटं. दोन्ही एकाच जागी तुटतात: 1 जीबी.

एंजिनएक्समध्ये 'प्रॉक्सी_मॅक्स_टेम्प_फाइल_साइझ' (तात्पुरत्या फाइलीची कमाल मर्यादा) मुळातच 1024 एमबी असतो. हॉलचा प्लेअर ऐकण्याच्या वेगाने फाइल घेतो, पण मुंबईचा प्रॉक्सी विनयदादाकडून ती भराभर ओढून डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलीत साठवतो. एक जीबी झाला की ओढणं थांबवतो, आणि साठलेलं सगळं हॉलला देऊन होईपर्यंत पुढचं घेत नाही. तिकडे घरच्या एंजिनएक्सचा 'सेंड_टाइमआउट' 60 सेकंदांचा. पलीकडे मिनिटभर कोणी घेत नाही म्हटल्यावर तो कनेक्शन तोडतो. तुम्हाला कळतं तासाने, तुटलेलं असतं कधीच. म्हणून रीड टाइमआउट वाढवून उपयोग झाला नाही. ब्राउझर उरलेला भाग रेंज लावून (कुठून पुढे हवं ते सांगून) पुन्हा मागतो, हॉलचा प्लेअर मागत नाही. आणि शुभाताईंच्या फोनवर सेकंदाला 128 किलोबिटचं ओपस (दाबून लहान केलेलं रूप) जातं, तासाला जेमतेम 58 एमबी. तिथे जीबी भरणारच नाही.

शुभाताई, दुबई

मग ती मर्यादा 5 जीबी करा ना. प्लेअर जुना आहे हे माझं म्हणणं तरी खरंच निघालं.

विनय, वेंगुर्ला

5 जीबी नको. प्रॉक्सीची डिस्क लहान आहे आणि ही तात्पुरती फाइल प्रत्येक ऐकणाऱ्यामागे वेगळी बनते. शनिवारी मस्कतचा हॉल आणि घरोघरी चारजण बसले की डिस्क भरून सगळ्यांचंच बंद. मर्यादा शून्य केली, म्हणजे डिस्कवर साठा नाहीच. आता प्लेअर जेवढं घेईल तेवढंच वेंगुर्ल्याहून निघतं. लावून पाहिलं, टेम्प फोल्डर रिकामा.

मंदार, मस्कत

हॉलवर बसून लिहितोय. एक तास वीस मिनिटं झाली, राजा दरबारात व्यवस्थित बोलतोय! पण चहाला म्हणून प्लेअर थांबवला आणि परत आलो तर तुटलेलं होतं.

गौरी, रत्नागिरी

ते वेगळं. थांबवलं की प्लेअर काही घेत नाही, मग तोच 60 सेकंदांचा 'सेंड_टाइमआउट' आड येतो. मुंबई आणि वेंगुर्ला, दोन्हीकडे एक तास करा. एकीकडे करून चालणार नाही.

अनंतराव, सांस्कृतिक समिती

चहाची सुट्टी आडदशावतार संपल्यावरच होईल, मध्ये कुठेही नाही. तसंच सर्व्हरवर बदल करण्याआधी समितीला एक ओळ कळवत जावी. गौरी, विनय, मनापासून आभार.

विनय, वेंगुर्ला

दोन्हीकडे केलं. अनंतराव, फाइली समितीच्या, मशीन माझ्या घरात आहे, त्यातल्या सेटिंगसाठी मी विचारणार नाही. मंदार, उद्या तुमच्या सातला, म्हणजे आमच्या साडेआठला, मधे दहा मिनिटं थांबवून शेवटपर्यंत लावून बघ. मी लॉग उघडून बसतो.

बाबूकाका, परुळे

पत्रिका सुधारलास काय?