जपानी युद्धकालीन घड्याळं: संग्रह करावा का?

लंबक:
दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलाच्या वैमानिकांसाठी सेइकोशा कारखान्याने ‘तेन्सोकु’ घड्याळ बनवलं. तेन्सोकु म्हणजे आकाशातल्या ग्रहताऱ्यांचा वेध. खाली चहूकडे पाणी, ओळखीची एकही खूण नाही. अशा वेळी सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजायच्या उपकरणाने, ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायची आणि वेळ बघायची. घड्याळ चार सेकंद चुकलं, तर विषुववृत्तावर आपली जागा एक सागरी मैल चुकते! म्हणून जवळपास ४८ मिलिमीटरचं घड्याळ आणि हातमोज्यातही धरता येईल अशी मोठी चावी. इतकी विचारपूर्वक केलेली वस्तू भंगारात जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

कोयनाकाठ:
असहमत. आजोबांचे थोरले भाऊ ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी लढले, परत आले नाहीत. आमच्याकडे त्यांचा एक फोटो आहे, बाकी काही नाही. आणि विक्रेते ‘कामिकाझे घड्याळ’, म्हणजे आत्मघातकी हल्ल्याच्या वैमानिकाचं घड्याळ, म्हणून भाव चढवतात. मरायला पाठवलेल्या पोरांच्या नावावर हा धंदा मला बघवत नाही.

लंबक:
त्या नावाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. कामिकाझे तुकड्यांचे हल्ले ऑक्टोबर १९४४ मध्ये, फिलिपिन्समधल्या लेतेच्या लढाईत सुरू झाले. घड्याळ त्याआधीपासून वापरात होतं. पुरावा नसेल, तर ते नाव लावणं खोटेपणा आहे. पण त्यासाठी वस्तूच का टाकायची?

तासकाटा:
घड्याळ दुरुस्त करणारा म्हणून सांगतो, अंधारात चमकावेत म्हणून रेडियम हे किरणोत्सर्गी द्रव्य लावलेले काटे खरवडून नवा रंग देऊ नका. अंधारात चमकत नाहीत म्हणजे निर्धोक झाले, असं नाही. चमकणारं द्रव्य थकतं. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. भुकटी श्वासात गेली की शरीरातच राहते. काच बंद ठेवा, झोपायच्या खोलीत ठेवू नका. मी स्वतः अशी कामं घेत नाही.

कोयनाकाठ:
हिरोशिमाच्या संग्रहालयात ८:१५ ला थांबलेलं घड्याळ आहे. ते कुणाचं, कसं थांबलं, हे तिथे सांगितलेलं असतं. लंबक, तुमच्या कपाटातलं कुणाचं होतं?

लंबक:
माहीत नाही. मागच्या झाकणावर नुसता आकडा आहे. तुमचा प्रश्न वाचल्यापासून तो आकडा वहीत उतरवून ठेवलाय, विकत घेतल्याची तारीखही. विकणार मात्र नाही.

कोयनाकाठ:
माझं मत तेच आहे. वही जपा.