काचेला चिकटलेला आजोबांचा कुस्तीचा फोटो कसा सोडवावा?

नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांचं वर्षश्राद्ध मार्गशीर्षात आहे. तालमीतला पैलवान, मग गावचा सरपंच आणि नातवंडांना भाकरी कुस्करून दूध घालणारा म्हातारा, या तिन्ही रूपांची छोटी पुस्तिका काढतोय. सरपंचकीचे कागद ग्रामपंचायतीतून मिळाले, घरचे फोटो भरपूर आहेत. अडलंय ते कुस्तीपाशी.

कुंडलच्या मैदानानंतर काढलेला एकच कृष्णधवल फोटो आहे. अंगावर अजून लाल माती, खांद्यावर गदा. आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. 2019 च्या महापुरात फ्रेम भिजली आणि फोटो काचेला चिकटला. डाव्या कोपऱ्यात बुरशीचे डाग आहेत, चेहरा शाबूत आहे. निगेटिव्ह नाही.

काचेवरून मोबाइलने काढला तर चकाकी येते. एका स्टुडिओने संगणकावर 'सुधारून' दिला, तर आजोबांचे मोडलेले कान गुळगुळीत करून टाकले! पैलवानाचे कानच गेले तर राहिलं काय? त्यामुळे नवा चेहरा बनवून देणारं ॲप सुचवू नका. मागचा पुठ्ठा काढलाय, पण ओढून किंवा पाण्यात घालून बघायची हिंमत नाही.

फोटो काचेसकटच फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवला तर छपाईपुरता स्पष्ट येईल का, की आधी सोडवावाच लागेल? आणि सोडवायचाच तर सांगली, मिरज किंवा कोल्हापुरात हे काम हाताने करणारं, तुम्ही स्वतः अनुभव घेतलेलं कोणी आहे का?