मदत हवी आहे: पीएचडीच्या विद्यार्थ्याचं लिखाण गाईडने किती दुरुस्त करावं?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात सहायक प्राध्यापक आहे, गाईड म्हणून नुकतीच मान्यता मिळाली. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार 4 विद्यार्थी घेता येतात, सध्या दोनच आहेत. विषय काटोल-नरखेडकडच्या संत्राबागांची माती.

एकीचं छान चाललंय. दुसरा उमरेडला तासिका तत्त्वावर शिकवतो. अतिशय मेहनती मुलगा, मातीच्या प्रत्येक पिशवीवर खोली, तारीख, झाडाचा क्रमांक लिहिलेला. पण मी प्रकरणावर शेरे मारून दिले की तो नेमकी तेवढीच वाक्यं बदलून आणतो. 'चुनखडीमुळे झाडाला लोह मिळत नाही, हे तुझ्या आकड्यांत दिसतं का?' असं विचारलं तर उत्तर येतं, 'तुम्ही म्हणाल तसं, मॅडम.' त्याला खूप काही दिसलेलं असतं, म्हणूनच जीव तुटतो.

दर आठवड्याला भेटतो. वाचनाची यादी दिली. नमुन्यादाखल एक परिच्छेद लिहून दिला, तर पुढचं सगळं माझ्याच भाषेत आलं. इंग्रजीची अडचण म्हणाल तर, मराठीत मांड म्हटलं तरी तेच.

तो फक्त शनिवार-रविवारी येऊ शकतो, सहमार्गदर्शक नाही. संशोधन सल्लागार समितीची सहामाही बैठक जवळ आलीय. 'आधी जर्नलमध्ये पेपर छापायला लावा' हा सल्ला सध्या नको, प्रबंधासाठी यूजीसीची तशी सक्ती आता नाही.

अशा विद्यार्थ्याच्या मसुद्यावर शेरे लिहिणं थांबवून फक्त तोंडी प्रश्न विचारावेत का? आणि तो स्वतःचं मत मांडू लागेल, असं तुमच्याकडे नेमकं कशाने घडलं?