प्रतिसाद: १९७२ चा कारकून आणि ड्रेपरीचे कपडे

पडद्यावरच्या १९७२ सालच्या पुणेरी कारकुनाला कपडे कुठून आणायचे, असा प्रश्न आहे. नाटकांचे कपडे देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणा हा वरचा सल्ला एकांकिकेपुरता ठीक आहे. ते कपडे दहाव्या रांगेतून बघायला शिवलेले असतात. पटकन बदलता यावेत म्हणून बटणांखाली वेल्क्रो असतो, आणि क्लोज-अपमध्ये तो दिसतोच. शिवाय बेलबॉटम आणि फुलाफुलांचा शर्ट घातला की सत्तरचं दशक झालं, असंही नाही. सदाशिव पेठेतला चाळिशीचा कारकून १९७२ साली १९७२ ची फॅशन करत नसे. लग्नात शिवलेली पँट तो ढिली करून वापरत असणार.

चहाच्या पाण्यात बुडवून कपडा जुना करा, असंही कोणीतरी लिहिलंय. सुती असेल तर उत्तम. टेरिकॉट या मिश्र कापडात पॉलिएस्टरच जास्त, त्यावर चहा नीट चढत नाही. काखेत आणि कोपरावर बारीक सँडपेपर घासा. अजून एक गोष्ट कोणी लिहिली नाही: कॉलर उलटवून घेणं. मानेपाशी विरली की शिंपी ती उसवून, फिरवून परत शिवायचा. पेठेतल्या एखाद्या जुन्या शिंप्याला सांगा, त्याला कळेल. मग कॉलर बाकी शर्टापेक्षा किंचित गडद दिसते, कारण आधी आत असलेल्या त्या बाजूला ऊन लागलेलं नसतं. हे पडद्यावर एक सेकंद दिसलं तरी पगार किती ते कळतं.

घड्याळ चावीचं एचएमटी चालेल, १९६१ पासून बनत होती. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी बघा. बंद असलं तरी घ्या, भाव पाडून मिळेल.